पाड्याच्या वाटणीचं दूध

आमच्या इंदूरच्या घरात गेले तीन आठवडे दूधबंदी आहे.

मे महिन्यात चिरंजीवांना सांवेरजवळच्या गावी आजी-आजोबांकडे सोडलं. वाटलं, आंबे खाईल, गावातल्या पोरांत खेळेल. त्याने दोस्ती केली ती थेट गोठ्यात, महिन्याभराच्या रेडकाशी. नाव ठेवलं पाड्या. पहिल्या दिवशी पाड्याने त्याचा रुमाल खाल्ला, दुसऱ्या दिवशी खरखरीत जिभेने डोकं चाटून भांग बदलला. तिसऱ्या दिवसापासून दोघे गळ्यात गळा. मुलगा 2017 पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरातला. त्याने आजीला विचारलं, "पाड्याचं शेण ओल्या कचऱ्यात टाकायचं ना?" आजी गोवऱ्या थापत होती. ती काही बोलली नाही.

इथवर ठीक होतं. मग त्याने धार काढताना पाहिलं. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून रेडकाला आधी आचळाला लावतात. पान्हा सुटला की दावं ओढून बाजूला बांधतात आणि दूध चरवीत. (मी हे लहानपणापासून बघतोय. कधी काही वाटलं नाही, हे आता घरात बोलायची सोय नाही.)

"आजोबा, तुम्ही त्याच्या तोंडचं काढून घेतलंत!"

तेव्हापासून दुधाला शिवत नाही. माझा चहा दिसला की विचारतो, "कोणाचं?" हिने श्रीखंड केलं, तर वाटीकडे असं बघितलं की आम्ही दोघांनी मुकाट्याने पोळी लोणच्याशी खाल्ली. आता दुधाशिवाय इंदुरात माणसाने जगायचं कसं? इथली शिकंजीसुद्धा लिंबाची नसते, आटवलेल्या दुधाची असते.

शिवाय रोज रात्री नऊला पाड्याला व्हिडिओ कॉल. गावात नेटवर्क फक्त विहिरीपाशी. त्यामुळे सत्तरी ओलांडलेले बाबा एका हातात बॅटरी, दुसऱ्यात दावं धरून निघतात. कुठे निघाले, हे शेजाऱ्यांना सांगत नाहीत.

परवा "औषध आणतो" म्हणून सटकलो आणि सराफा गाठला. सोन्या-चांदीची दुकानं मिटून खाण्याच्या गाड्या लागल्या होत्या. शिकंजीचा पेला तोंडाला लावतोय तोच फोन वाजला. बाबांनी सवयीने मलाच लावला होता. पडद्यावर दोन ओल्या नाकपुड्या आणि मागे एक काळाभोर डोळा.

"घे, बोल त्याच्याशी," बाबा म्हणाले.

मी पेला पाठीमागे लपवला.