‘सगळ्यात जाड, वॉटरप्रूफ हातमोजे घ्या’ : या सल्ल्याला माझा विरोध

ऑक्टोबर लागला की नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींमध्ये एक मेसेज फिरायला लागतो. आइंडहोव्हनला, अ‍ॅम्स्टलव्हेनला नोकरीसाठी नव्याने आलेल्यांना तो हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा मजकूर साधारण असा: ‘हिवाळ्यात सायकलवर ऑफिसला जायचं तर हात सांभाळा. स्कीचे हातमोजे घ्या, मिळतील तितके जाड. शंभर टक्के वॉटरप्रूफ हवेतच. घट्ट बसणारे घ्या म्हणजे वारा शिरणार नाही. हातमोज्याचा लांब कफ जॅकेटच्या बाहीवरून ओढून घ्या. थंडी फारच असेल तर आत रबरी हातमोजे घाला. टचस्क्रीन चालणारे बघा. एकदाच महागातले घेतले की पाच वर्षं बघायला नको.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल शंका नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ इथल्या हवेला आणि सायकलला लागू पडत नाही. पैसे वाया जातात ते वेगळंच. मला जास्त काळजी वाटते ती बधिर बोटांची, कारण सिग्नलला समोरचा अचानक थांबला तर अशी बोटं ब्रेक वेळेवर दाबत नाहीत.

आधी स्कीच्या हातमोज्यांचं बघू. इथली थंडी स्वित्झर्लंडच्या डोंगरातली नाही. डे बिल्टच्या हवामान केंद्रात जानेवारीचं सरासरी तापमान साडेतीन अंशांच्या आसपास असतं. बर्फ क्वचितच पडतो. रोजचा अनुभव म्हणजे तीन ते आठ अंश, बारीक पाऊस आणि समोरून येणारा वारा. स्कीचे हातमोजे शून्याखालच्या कोरड्या बर्फासाठी बनवतात. तिथे हातमोज्यावर पडलेला बर्फ झटकला की निघून जातो, हातातली काठी सैल धरलेली असते आणि हात सतत हलत असतात. सायकलवर हात तासभर एकाच जागी, वाऱ्याच्या तोंडावर आणि हँडलवर दाबून ठेवलेला असतो. तळव्याकडचं जाड अस्तर त्या दाबाने चपटं होतं. ऊब असते ती अस्तरात अडकलेल्या हवेत, आणि हवाच दाबून बाहेर काढली तर जाडी उरते, ऊब उरत नाही.

शिवाय वारा आपला आपणच तयार करत असतो. कॅनडा आणि अमेरिकेने २००१ साली स्वीकारलेल्या सूत्राने हिशेब केला, तर पाच अंश तापमानात ताशी २५ किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला जवळपास शून्य अंशासारखा लागतो. म्हणून हातमोज्याने सगळ्यात आधी वारा अडवला पाहिजे. लोकरीचे विणलेले हातमोजे कितीही जाड असले तरी वारा त्यांच्यातून आरपार जातो. त्यांच्यावर एक पातळ, वारा न शिरणारं कवच चढवलं की तेच हातमोजे एकदम कामाला येतात. पुण्याहून निघताना आईने बॅगेत कोंबलेली लोकरीची जोडी म्हणूनच टाकून देऊ नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. आतल्या थरासाठी इतकं चांगलं कापड दुकानात शोधूनही सहज मिळत नाही.

किती जाड घ्यायचे हे थर्मामीटरपेक्षा ब्रेकवर ठरवा. ज्या डच सायकलला मागे पेडल मारून ब्रेक लागतो, तिच्यावर बोटं मोकळी असायची फारशी गरज नसते. तिथे चारही बोटं एकत्र राहणारे, फक्त अंगठा वेगळा असलेले हातमोजे खुशाल घाला. बोटं एकमेकांना चिकटून राहिली की ती एकमेकांना ऊब देतात. पुढच्या सीटवर पोर बसवून शाळेत सोडायला निघालेल्या डच आया तर हँडललाच कव्हरं बांधतात, त्यांना इथे हँडमॉफन म्हणतात. आत नुसता पातळ हातमोजा घातला तरी हात उबदार राहतो आणि पाऊस बोटांपर्यंत पोचतच नाही. रोज एकाच सायकलवर जाणाऱ्याला माझा पहिला सल्ला हाच असेल. पण हाताने दाबायचे ब्रेक असतील, त्यातही वळलेल्या हँडलची रोड सायकल असेल, तर तर्जनी आणि मधलं बोट स्वतंत्र वाकलं पाहिजे. दुकानात हातमोजा घालून नुसती मूठ वळून बघू नका. सायकल बाहेर लावलेली असेल तर हातमोजा घेऊन तिच्यापाशी जाऊ द्याल का असं विचारा, आणि ब्रेक पूर्ण दाबून बघा, घंटी वाजवून बघा, गिअर बदलून बघा. ब्रेक आणि हँडल यांच्यामध्ये बोटाचं कापड चेपून अडकत असेल तर तो हातमोजा परत ठेवा.

आता ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’. सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण हातमोज्यात पाणी शिरलं नाही म्हणजे हात गरम राहील असं आपण गृहीत धरतो. बहुतेक वॉटरप्रूफ हातमोज्यांत बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. ही कल्पना अमेरिकी संशोधक बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉन ताणून केलेल्या शोधातून लोकप्रिय झाली. त्या पडद्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या कणापेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात. त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. इथपर्यंत जाहिरात खरी आहे. पण पडदा आतमध्ये आहे, पाऊस पडतो बाहेरच्या कापडावर. नव्या हातमोज्यावर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात, कारण त्यावर पाणी झटकणारा लेप असतो. हँडलवर घासून घासून तो लेप झिजतो, आणि आधी झिजतो तो तळव्याला आणि बोटांच्या पेरांना. मग बाहेरचं कापड पाणी पितं. चिंब कापडातून वाफेला वाट मिळत नाही. थंड पडलेल्या पडद्याला आतून वाफ लागते आणि तिचं पाणी होतं. वरून वारा ते भिजलेलं कापड वाळवत राहतो, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे अडीच हजार ज्यूल उष्णता लागते. त्यातली बरीचशी तुमच्या हाताकडून घेतली जाते. ऑफिसात पोचून हातमोजा काढता तेव्हा आत पावसाचा एक थेंब नसतो आणि बोटं मात्र पांढरीफटक असतात.

म्हणून पावसात निवड करताना भिजल्यावर काय होईल हा प्रश्न विचारायचा. निओप्रीनचे, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाच्या फेसाळ रबराचे हातमोजे पाणी थोडं आत घेतात, पण त्यांच्या फेसात हवेचे बंद बुडबुडे असतात. आत शिरलेलं पाणी हाताच्या उबेने तापतं आणि फारसं हलत नाही. पाच ते दहा अंशांत, सततच्या पावसात, तास-दीड तासाच्या सायकलिंगला मला त्यांच्याइतकं भरवशाचं दुसरं काही वाटत नाही. कोरड्या दिवशी मात्र त्यांच्यात घामाने हात शिजतात, तेव्हा ते पावसासाठीच ठेवा. दुसरा पर्याय सायकलच्या दुकानात मिळतच नाही. मच्छीमार आणि शीतगृहातले कामगार घालतात ते, बाहेरून पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकचा अखंड थर आणि आत अस्तर असलेले हातमोजे. जपानच्या शोवा कंपनीचे निळे टेमरेस २८२ त्यातले प्रसिद्ध, गिर्यारोहकही ते वापरतात. त्यांना बाहेरून भिजायला कापडच नाही. दिसायला ते कारखान्यातले दिसतात, पण किमतीला नावाजलेल्या सायकल ब्रँडपेक्षा बरेच स्वस्त पडतात.

अशा कामाच्या हातमोज्यांवर आणखी एक उपयोगी गोष्ट छापलेली असते. हिमकणाचं चिन्ह, ईएन ५११ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि त्याखाली तीन आकडे. पहिला आकडा थंड हवेपासूनच्या बचावाचा, दुसरा थंड वस्तूला हात लावल्यावरचा, दोन्ही शून्य ते चार. तिसरा पाण्याचा, शून्य किंवा एक. सायकलच्या हातमोज्यांवर बहुतेक वेळा नुसती ‘विंटर’ची पट्टी असते, तिच्यातून एवढी माहिती मिळत नाही.

‘घट्ट घ्या’ हा सल्ला तर उलटाच आहे. बोटांत स्नायू नसतात. बोटं हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपर ते मनगट या भागात आहेत. म्हणजे बोट स्वतः उष्णता जवळपास तयारच करत नाही. त्याला येते ती रक्ताबरोबर आलेली ऊब. घट्ट हातमोजा ते रक्तही आवळतो आणि अस्तरातली हवाही दाबतो. माप बघताना हात सरळ ठेवू नका, हँडल धरल्यासारखी बोटं वाकवा. वाकवल्यावर कापड पाठीवर ताणलं जातं आणि बोटांची टोकं हातमोज्याच्या शेवटाला टेकतात. टोकाशी थोडी मोकळी जागा उरली पाहिजे, कारण गारठा पहिल्यांदा तिथेच बसतो. आत पातळ लोकरी जोडी घालणार असाल तर ती घालूनच माप घ्या.

याच कारणाने जॅकेट आणि बाह्यांकडे दुर्लक्ष करून हातमोज्यावर खर्च करणं व्यर्थ आहे. छाती-पोट गार पडू लागलं की शरीर आधी बोटांचा रक्तपुरवठा कमी करतं. इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंत साथ देते, म्हणजे वारा पूर्ण लागतो आणि मेहनत मात्र निम्मी, त्यामुळे अंग तापत नाही. साध्या सायकलवरच्या सहकाऱ्याला जे हातमोजे पुरतात ते तुम्हाला पुरणार नाहीत. आणि मुंग्या फक्त करंगळी आणि अनामिकेलाच येत असतील, तर थंडीला दोष देण्याआधी हँडलची उंची आणि मनगटाचा कोन बघा. तळव्याच्या कडेने जाणारी नस दाबली जात असते, जास्त जाड हातमोज्याने ती सुटत नाही. बोटं थोड्याशा गारव्यानेही आधी पांढरी, मग निळसर, मग लाल होत असतील तर फॅमिली डॉक्टरला दाखवा. १८६२ साली मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने वर्णन केलेला तो त्रास असू शकतो.

कफ बाहीवरून ओढायचा की बाहीखाली सारायचा? सायकलवर बसून स्वतःचा हात एकदा नीट बघा. खांदा वर, मनगट खाली. जॅकेटवर पडलेला पाऊस बाहीवरून उतरत मनगटाकडेच येतो. कफ बाहीच्या वर असेल तर ते सगळं पाणी थेट हातमोज्यात ओतलं जातं. वॉटरप्रूफ पडदा मग बादलीसारखा ते पाणी आत धरून ठेवतो. अनेकांना आपला महागडा हातमोजा गळतो असं वाटतं, आणि खरं तर तो वरून भरलेला असतो. कफ अरुंद, मनगटाला लागून बसणारा हवा आणि जॅकेटची बाही त्याच्यावरून यायला हवी. बाहीचं टोक वेल्क्रोने आवळता येत असेल तर उत्तम.

आतून रबरी हातमोजे घालण्याची युक्ती खोटी नाही, ती इथली नाही. उणे वीस अंशांत घामाचा ओलावा अस्तरात जाऊन गोठू नये म्हणून कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशातले लोक ती वापरतात. पाच अंशांत जोर लावून पेडल मारताना रबराच्या आत हात घामाने निथळतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. चौकात दोन मिनिटं थांबलात की तोच घाम बर्फासारखा लागतो. पाऊस अचानक आला आणि जवळ फक्त लोकरी जोडी आहे, अशा वेळी नायट्राइलचे (डॉक्टर घालतात तसे पातळ रबरी) मोठ्या मापाचे हातमोजे लोकरीच्या वरून चढवा. वारा आणि पाऊस दोन्ही अडतात, घरी पोचण्यापुरतं काम होतं.

टचस्क्रीनबद्दल फार बोलायला नको. १ जुलै २०१९ पासून नेदरलँड्समध्ये सायकल चालवताना फोन हातात धरणं बेकायदा आहे. पावसाचं रडार निघण्याआधी दारातच बघा.

राहिली पाच वर्षांची गोष्ट. पडदा आणि जाड अस्तर असलेला हातमोजा एकदा भिजला की रात्रभरात वाळत नाही, आणि दुसऱ्या सकाळी दमट हातमोज्यात हात घालणं म्हणजे दिवसाची सुरुवातच गार. त्याच पैशात दोन मध्यम जोड्या घ्या, एक पावसाची आणि एक कोरड्या वाऱ्याची. घेताना बोटाच्या टोकाशी आतलं अस्तर चिमटीत धरून हलकेच ओढून बघा. ते सुटं असेल तर ओला हात बाहेर काढताना बोटांबरोबर अस्तरही उलटं बाहेर येईल आणि पुन्हा आत जाणार नाही. परतीच्या वाटेवर, अंधारात, पावसात पाच बोटं पाच नळ्यांत शोधत बसावं लागतं. हातमोजे वाळवताना रेडिएटरवर ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून खुर्चीच्या पाठीला उभे टांगा आणि झोपण्याआधी बोळे एकदा बदला. धुताना कापड मऊ करणारं द्रव्य अजिबात घालू नका. ते कापडावर बसलं की पाणी झटकायची ताकद जाते, आणि बाहेरचा थर पहिल्याच पावसात पाणी धरायला लागतो.