मनापासून लिहा

गेली २२ वर्षं मी मुलांच्या निबंधांखाली लाल शाईने 'मनापासून लिहा' असा शेरा मारत आलो आहे. परवा तोच शेरा माझ्या कागदावर पडला. शाईही लालच. खाली सही नाही, तारीख नाही. जरा तिरपा करून उजेडात धरला तेव्हा लक्षात आलं की हे कुणी हाताने लिहिलेलंच नाही. रबरी शिक्का आहे. मी मुलांवर निदान वैतागून तरी लिहितो हो! इथे वैतागायचेही कष्ट घेतलेले नव्हते.

प्रकरण एवढंच, की आमच्या शाळेत वर्षभर शारीरिक हालचालींचा एक उपक्रम चालला. बाहेरून एक कोच मॅडम यायच्या. त्या मुलांना नाही, आम्हाला शिकवायच्या. मराठी, गणित, इतिहास असल्या बसून शिकवायच्या विषयांच्या मास्तरांनी मुलांना पळवायचं कसं, ते. वर्ष संपलं, आता प्रत्येकाने 'वार्षिक प्रतिबिंब' लिहून द्यायचं होतं. 'रिफ्लेक्शन'चं हे भाषांतर कुणी केलं ते मला ठाऊक आहे, पण स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी आहेत, म्हणून गप्प बसतो.

मी प्रामाणिकपणे सहा रकाने भरले होते. तरी फॉर्म परत. तावातावाने ऑफिसात गेलो.

ऑफिसात भाऊसाहेब. आमचे भाऊसाहेब दिवसातून दोनदा उठतात, एकदा घरून आणि एकदा खुर्चीतून. मधल्या वेळात जगाने त्यांच्यापर्यंत यायचं असतं. उपक्रमाचे सगळे कागद त्यांच्याकडे सोपवले होते, कारण कागद म्हटला की तो त्यांच्याकडेच जातो. समोर तीन शिक्के ओळीत उभे: 'योग्य', 'अपूर्ण' आणि तो तिसरा.

"भाऊसाहेब, हा शेरा कुणी मारला?"

"मी."

"तुम्ही वाचलंत मी काय लिहिलंय ते?"

"नाही."

"मग मनापासून नाही हे कसं कळलं?"

"रकाना ७ रिकामा आहे."

मी पाहिलं. रकाना ७: 'वर्षभरातील एक भावनिक क्षण (सुमारे ५० शब्द)'.

"माझ्याकडे भावनिक क्षण नाही."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. जन्मदाखला हरवलेल्या पालकांकडे ते असंच पाहतात. "असं कसं होईल, सर? ३१ फॉर्म आलेत. सगळ्यांचे आहेत. गणिताच्या बाईंचे तर दोन आहेत, पुरवणी जोडलीय."

"रिकामा सोडला तर?"

"मग अपूर्ण."

"मग 'अपूर्ण'चा शिक्का मारायचा ना! 'मनापासून' कशाला?"

"अपूर्ण म्हणजे सही राहिली, दिनांक राहिला. भावना राहिली की मनापासून." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला क्षणभर व्याकरणाचा एखादा नियम ऐकल्यासारखं वाटलं. "डोळ्यांत पाणी वगैरे आलं होतं का कधी?"

"आलं होतं. शटल रनच्या दिवशी."

"मग लिहा की ते."

"दमून आलं होतं, भाऊसाहेब."

"कारण विचारलेलं नाही."

आता शटल रनचं सांगायलाच हवं. वीस मीटरवर दोन रेघा, मध्ये पळायचं, टुंई वाजायच्या आत पलीकडची रेघ गाठायची आणि परत फिरायचं. कॅनडातल्या लूक लेजे यांनी १९८० च्या दशकात ही चाचणी बसवली. ताशी ८.५ किलोमीटरने सुरुवात, मग दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वेग वाढतो. ऐकायला किती सभ्य वाटतं! ८.५ म्हणजे काय, बस चुकत असताना आपण पळतोच की. पण बस एकदाच चुकते. ही दर आठ सेकंदांनी चुकते. कोच मॅडम म्हणाल्या, "आधी एका सरांनी करून दाखवा, मुलांना हुरूप येईल." सगळे शिक्षक एक पाऊल मागे सरले. मी शिट्टीची दोरी सोडवत होतो, जागचा हललो नाही, म्हणून पुढे आलेलो ठरलो.

तिसऱ्या मिनिटाला माझा आणि त्या टुंईचा संबंध संपला. मुलांना मात्र खरोखर हुरूप आला. सातवीतला एकजण मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "सर, समास सोडवा!" व्याकरणाच्या तासाला हाच मुलगा तोंड उघडत नाही. मी रेघेवर ओणवा, गुडघ्यांवर हात, आणि डोळ्यांत ते सुप्रसिद्ध पाणी.

"मध्यम श्रम म्हणजे माणूस बोलू शकतो, पण गाऊ शकत नाही. जोराचे श्रम म्हणजे दोनचार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो," असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मोजायची ही सोपी युक्ती आहे आणि ती खरीच आहे. मी स्टाफरूमचा जिना चढून आलो की जोराच्या श्रमात मोडतो. आमचे मुख्याध्यापक कुठल्याही श्रमात बोलू शकतात आणि संमेलनात गातातही, तेव्हा त्यांच्याबाबतीत युक्ती चालत नाही.

मॅडमविषयी माझी तक्रार नाही, हे इथेच सांगून टाकतो. तक्रार आहे ती त्यांच्या वरच्या त्या सादरीकरणवाल्यांविषयी. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी ८१ टक्के तेवढी करत नाहीत असं निघालं. मुलींमध्ये हा आकडा ८५ टक्के. भयंकर आहे, मान्य. पण हे आम्हाला पडद्यावर तीन तास बसवून सांगितलं. मध्ये पाच मिनिटांची सुट्टी, आणि तीही 'बसल्या जागी खांदे फिरवा' म्हणून. समारोपालाही तेच. न बसण्याविषयी मी आयुष्यात एवढा कधी बसलो नव्हतो.

असो. रकाना ४ कडे येतो, कारण खरी कळ तिथे आहे.

मॅडमनी पहिल्या महिन्यात माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं. म्हणाल्या, "कुठलंही एकच मूल निवडा, ते प्रत्यक्ष हलत असेल तेवढाच वेळ मोजा." तास ४० मिनिटांचा. निम्मा वेळ तरी मूल दमेल अशा हालचालीत जावा, अशी अपेक्षा. मी सहावीतली एक मुलगी निवडली. ही कायम रांगेच्या शेवटी असते. पुढे कुणी घुसलं की आनंदाने जागा देते, नंबर जितका लांबेल तितका बरा. वर्गातून मैदानावर जायला सात मिनिटं. हजेरी. रांगा. 'सरळ रांग' म्हणजे काय यावर माझं छोटंसं भाषण. मग संगीत खुर्ची. गाणं थांबलं, ती पहिल्याच फेरीत बाद. नंतर भिंतीला टेकून बसली ती तास संपेपर्यंत, गवताची काडी सोलत. मी घड्याळ बघितलं. सहा मिनिटं. त्यातली चार तर मैदानापर्यंत चालत येण्याची.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "ज्याला पळायची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच आपले खेळ सगळ्यांत आधी बसवतात." त्यात टोमणा नव्हता, आवाजसुद्धा वाढवला नव्हता. पण मी २२ वर्षं मुलांना बाद करून बसवत आलोय, मला तो लागायचा तिथे लागला.

पुढच्या तासाला नियम बदलला. बाद झालं की बसायचं नाही. कडेला दहा उड्या मारायच्या आणि परत खेळात यायचं. हुशार मुलं खवळली. "सर, मग जिंकणार कोण?" बरोबरच आहे त्यांचं, आयुष्यभर त्यांना आपण तेवढंच शिकवलेलं. ती मुलगी त्या दिवशी चार वेळा बाद झाली आणि चार वेळा परत आली. चौथ्यांदा येताना उड्या नऊच मारल्या होत्या. मी मोजत होतो. तिला माहीत होतं मी मोजतोय. माझ्याकडे बघून ती हसली आणि दहावी उडी धावताधावताच मारली.

हे मी लिहिलं होतं. रकाना ४ मध्ये.

"हे बघा ना," मी भाऊसाहेबांपुढे फॉर्म सरकवला, "हे वाचा."

त्यांनी वाचलं. सगळं वाचलं, ओठ हलवत. मग फॉर्म परत सरकवला. "रकाना ४ म्हणजे निरीक्षण. हे निरीक्षण आहे. छान आहे."

"हाच माझा क्षण समजा."

"एक मजकूर दोन रकान्यांत चालत नाही. वरून परत येतो." मग जरा दया येऊन म्हणाले, "गणिताच्या बाईंकडे एक जादा आहे. विचारून बघा."

विचारलं. काय करणार! बाई मोठ्या मनाच्या. पुरवणीच माझ्या हातात ठेवली. त्यात एक लाजाळू मूल होतं, एक चेंडू होता, शेवटी मुलाने बाईंना मिठी मारली होती. "वापरा," बाई म्हणाल्या, "फक्त 'चिमुकले हात' बदला, तो माझा शब्द आहे. आणि मिठी नको, तुम्हाला कुणी मारणार नाही, पटणार नाही." मी 'इवलेसे हात' केले आणि मिठीच्या जागी 'कृतज्ञ नजर' टाकली. ४८ शब्द झाले. निबंधात एखाद्या पोराने हे लिहिलं असतं तर मी कोणता शेरा मारला असता, हे सांगायला नको.

भाऊसाहेबांनी न वाचता 'योग्य' मारला.

रकाना ९ मात्र त्यांनी आपणहून भरून ठेवला होता: 'घेतलेले तास: ६४'. मी म्हटलं, "४० सुद्धा झाले नसतील." दुसऱ्या सत्रात पोर्शन राहिला की सगळ्यांच्या नजरा आधी खेळाच्या तासाकडे जातात. विज्ञानाने सहा नेले, गणिताने नऊ. मुलांनी दंगा केला की शिक्षा कोणती, तर 'आज मैदान नाही'. म्हणजे पाय शिवशिवतात म्हणून दंगा, आणि दंगा केला म्हणून पाय बांधा. यावर मी तावातावाने बोलणार होतो, तेवढ्यात भाऊसाहेबांनी नोंदवही उघडली. "मराठीने पाच घेतलेत," ते म्हणाले. सही माझीच होती. वृत्तं राहिली होती.

मी गप्प बसलो. ६४ तसेच राहिले.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. उपक्रमात मनगटावर बांधायचे पावलं मोजणारे पट्टे आले होते. दिवसाला १०,००० पावलं हे मोठ्यांचं लक्ष्य. हा आकडा कुठून आला म्हणाल, तर जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावाचाच अर्थ होता 'दहा हजार पावलांचं मीटर'. आकडा आधी जाहिरातीत आला, शास्त्र मागून धापा टाकत आलं. माझी वर्षभराची सरासरी ६,२००. तीही मैदानावर शिट्टी फुंकत फिरून. एक पट्टा उरला होता, तो नोंद नको राहायला म्हणून भाऊसाहेबांना दिला.

उजव्या मनगटाला.

हात वरून खाली आपटला की त्या पट्ट्याला ते पाऊल वाटतं. कधी दोन. दाखले, पावत्या, फॉर्म, प्रत्येक कागदाला शिक्का, त्याआधी शाईच्या पॅडवर एक आपट. नेहमीच्या दिवशी ९,०००. परीक्षेच्या महिन्यात १४,००० च्या वर, खुर्ची न सोडता. शनिवारी निकाल लागला: वर्षातील सर्वांत सक्रिय कर्मचारी, आमचे भाऊसाहेब. टाळ्या. त्यांनी त्या बसूनच स्वीकारल्या.

मी मुख्याध्यापकांना पट्ट्याचं गुपित सांगायला गेलो. ते म्हणाले, "सर, खिलाडूवृत्ती!" आणि मानपत्राचा मजकूर लिहायचं काम माझ्याच गळ्यात घातलं. मराठीचे ना तुम्ही!

काल लिहून नेलं. आठ ओळी. 'अथक परिश्रम' लिहिलं, 'अविरत वाटचाल' लिहिलं, लिहिताना दात आवळून धरले होते. भाऊसाहेबांनी कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि तिसरा शिक्का उचलला. आधी पॅडवर, मग कागदावर.

पट्ट्यावरचा आकडा दोनाने पुढे गेला.