माणूस अठराव्या वर्षी तयार होऊन संपत नाही

हल्ली मुलांच्या वाढीवर इतकं वाचायला मिळतं, पहिली दोन वर्षं किती महत्त्वाची, पाच वर्षांपर्यंत मेंदू कसा वाढतो, टीनएजर्सशी कसं बोलायचं, आणि मग एकदम सामसूम. जणू अठरा पूर्ण झाली की माणूस तयार झाला, आता पुढची पन्नास-साठ वर्षं त्याने तसंच राहायचं आणि शेवटी म्हातारं व्हायचं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

याचं मूळ जुनं आहे. मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडने मनाच्या जडणघडणीचे जे टप्पे मांडले ते जवळपास सगळे लहानपणातच उरकतात, शेवटचा वयात येताना सुरू होतो आणि पुढे नवीन काहीच नाही. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजेचंही तसंच, त्याचा चौथा आणि शेवटचा टप्पा साधारण अकरा-बाराव्या वर्षी सुरू होतो (तो विचार करण्याच्या क्षमतेबद्दल बोलत होता हे खरं). मनोविश्लेषक एरिक एरिक्सनने मात्र १९५० साली जन्मापासून म्हातारपणापर्यंतचे आठ टप्पे मांडले आणि त्यातले तीन चक्क मोठ्या माणसांचे होते. म्हणजे पंचेचाळिशीतला माणूसही आतून घडत असतो हे त्याने त्या काळात ठामपणे सांगितलं. या माणसाचं स्वतःचं आयुष्यही बघण्यासारखं आहे. जन्मदाता बाप कोण हे त्याला कधीच कळलं नाही, सावत्र वडिलांचं आडनाव लावून वाढला, अमेरिकेचा नागरिक होताना १९३९ मध्ये त्याने एरिक्सन हे आडनाव स्वतः घेतलं. 'आयडेंटिटी क्रायसिस', म्हणजे आपण नक्की कोण हा पेच, हा शब्दप्रयोग आज सगळे सहज वापरतात तो याचाच.

एरिक्सनच्या प्रत्येक टप्प्यात दोन टोकांमधला एक झगडा असतो. आता हे टप्पे बहुतेक ठिकाणी परीक्षेसारखे सांगितले जातात, तान्हेपणी विश्वास की अविश्वास, पुढे स्वायत्तता की लाज, पास झालात तर पुढे, नापास झालात तर जन्मभर भोगा. यावर माझा फार आक्षेप आहे कारण एरिक्सनचं म्हणणंच ते नव्हतं. त्याला दोन्हींचा तोल अपेक्षित होता. ज्या मुलाला कशाचाच अविश्वास वाटत नाही ते कोणाच्याही मागे जाईल, तेही धोक्याचंच ना. आणि एका टप्प्यात राहून गेलेलं नंतर सावरता येतं, लहानपणी न मिळालेला भरवसा चांगल्या मित्रामुळे किंवा जोडीदारामुळे तिशीत मिळालेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात.

दोन वर्षांच्या मुलाला चप्पल घालताना कधी नीट बघा. डावी उजव्या पायात जाते, बोटं पट्ट्यात अडकतात, आपण हात पुढे केला की ते आपला हात ढकलतं आणि जोरात म्हणतं "मी!" आपल्याला उशीर होत असतो, आपण ती चप्पल काढून घेतो, दोन सेकंदात घालून मोकळे होतो आणि ते मूल भोकाड पसरतं. लोक म्हणतात हट्टी आहे. पण ते त्या वयाचं सगळ्यात महत्त्वाचं काम करत होतं, स्वतःचं शरीर स्वतःच्या ताब्यात आहे का ते तपासत होतं. रोज घाई होणारच, आईबापांना दोष देत नाहीये मी, पण दिवसातून एकदा तरी ती पाच मिनिटं त्याला मिळायला हवीत.

किशोरवयाबद्दल सगळे लिहितात म्हणून एवढंच सांगते. एरिक्सनचंच काम पुढे नेणाऱ्या जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये दाखवलं की काही मुलं काहीही शोध न घेता आईवडिलांनी आखलेली वाट जशीच्या तशी उचलतात. ती बाहेरून फार सॉर्टेड वाटतात आणि आपण त्यांचंच उदाहरण बाकीच्यांना देतो. जो एकविसाव्या वर्षी "अजून ठरत नाहीये" म्हणतो त्याला मात्र वाया गेलेला ठरवतो. मला त्या सॉर्टेड मुलांचीच जास्त काळजी वाटते, कारण न विचारलेला प्रश्न चाळिशीत दारात येऊन उभा राहतो आणि तेव्हा अंगावर जबाबदाऱ्या असतात.

एरिक्सनच्या मते मधल्या वयाचं काम म्हणजे पुढच्या पिढीसाठी काहीतरी करणं, नाहीतर साचून जाणं. यासाठी स्वतःची मुलं असायलाच हवीत असं नाही. ऑफिसात एखादा सीनियर नव्या पोराला शेजारी बसवून सगळं काम शिकवतो आणि दुसरा आपली जागा जाईल म्हणून साधी फाइलसुद्धा दाखवत नाही, वय तेच, पगार तोच, पण दोघं आतून वेगळ्या ठिकाणी असतात.

आणि म्हातारपण. रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं की वृद्धांचं मागच्या आठवणींत रमणं हे बुद्धी सुटल्याचं लक्षण नसून आयुष्याचा हिशोब लावणं आहे, आणि ते स्वाभाविक आहे. स्मरणशक्तीचे आजार असतात, ते नाकारत नाही, त्याला डॉक्टरच लागतात. पण एरवी आपण "हे सांगून झालंय" म्हणून गप्प करतो ना, तेव्हा ती गोष्ट खरंच तीच होती का हे ऐकलेलंच नसतं. साहेबाने प्रमोशन कसं डावललं ही गोष्ट आधी नुसत्या रागाने येते, मग केव्हातरी त्यात हळूच एक वाक्य घुसतं, "तसा तोही अडचणीतच होता म्हणा." पंचाहत्तराव्या वर्षी हे वाक्य येणं म्हणजे माणूस वाढतोय, अजून काय असतं वाढणं?

एरिक्सन १९९४ मध्ये गेला. त्याची पत्नी जोन, जी सुरुवातीपासून या कामात त्याच्यासोबत होती, तिने त्याच्या 'द लाइफ सायकल कम्प्लीटेड' या पुस्तकाच्या १९९७ मध्ये आलेल्या वाढीव आवृत्तीत ऐंशी-नव्वदीसाठी नववा टप्पा लिहिला. ती स्वतः तेव्हा नव्वदीत होती. तिचं म्हणणं, या वयात जुने सगळे झगडे परत समोर येतात. स्वतःच्या शरीरावरचा विश्वास डळमळतो, शर्टाचं बटण दुसऱ्याने लावायचं म्हणजे लाज परत येते. सेवा करणाऱ्याने हे लक्षात ठेवलं तर "थांबा, मी लावतो" ऐवजी "लावू का?" असं तरी तोंडातून येईल.

शाळेत मुलांसाठी समुपदेशक असावा हे आता बऱ्याच जणांना पटतं, चांगलंच आहे. पण नोकरी संपताना, मुलं घराबाहेर पडताना, जोडीदार गेल्यावर कोणाशी तरी नीट बोलता यावं ही गरज अजूनही चैन समजली जाते, "या वयात कसलं आलंय काउन्सेलिंग" म्हणून उडवून लावली जाते. साठीतल्या माणसाने मदत मागितली तर ती पंधरा वर्षांच्या मुलाइतक्याच गांभीर्याने घेतली जावी, माझी मागणी एवढीच आहे.