गोष्ट वाचली म्हणून बक्षीस कशाला?

लहान मुलांच्या वाचनाच्या अ‍ॅपबद्दल हल्ली ओळखीतले बरेच आईबाबा विचारतात. कोणतं घ्यावं, किती वेळ द्यावं, मुळात द्यावं की नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. अ‍ॅप जरूर द्या, पण पान उलटलं की नाणं आणि पुस्तक संपलं की मुकुट देणारं अ‍ॅप देऊ नका.

यावर लगेच उत्तर येतं, "अगं, पण त्या बक्षिसांमुळेच तर तो वाचतोय!" वाचत असेलही. प्रश्न आहे तो बक्षिसं थांबल्यावर काय होतं याचा.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रंगीत मार्करनी चित्रं काढायला मनापासून आवडतं अशी बालवाडीतली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच मार्कर पुन्हा वर्गात ठेवले आणि या वेळी बक्षिसाचा विषयच काढला नाही. कबूल केलेल्या बक्षिसासाठी चित्रं काढलेली मुलं आता इतर मुलांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. आणि ही मुलं मुळात चित्रांची आवड असलेली होती, हे विसरू नका.

आता वाचनाची अ‍ॅप्स उघडून बघा. नाणी, बिल्ले, सलग इतके दिवस वाचलं म्हणून फटाके. माझी पाच वर्षांची भाची अशाच एका अ‍ॅपवर भराभर पानं सरकवत होती. मी विचारलं, "सशाचं पुढे काय झालं गं?" ती म्हणाली, "थांब ना मावशी, अजून एक पुस्तक झालं की मला मुकुट मिळणारे." तिचं काहीच चुकलं नव्हतं. अ‍ॅपनं तिला जे महत्त्वाचं म्हणून दाखवलं, ते तिनं महत्त्वाचं मानलं. ससा बिचारा मध्येच राहिला.

याचा अर्थ पडद्यावरचं वाचन वाईट, असं मी अजिबात म्हणत नाही. एक ते आठ वर्षांच्या मुलांवर झालेल्या ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. छापील पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर आणलं, तर मुलांना गोष्ट कागदापेक्षा थोडी कमी समजते. पण चित्रांची हालचाल आणि आवाज गोष्टीला धरून असतील, तर पडदा कागदाच्या पुढे जातो. वादळाच्या पानावर झाडं वाकली, वारा घोंघावला, तर मूल त्या वादळात शिरतं. त्याच पानावर ढगाला बोट लावलं की बेडूक उडी मारतो अशी सोय केली, तर मूल सगळ्या ढगांवर बोटं मारत बसतं आणि वादळ बाजूला राहतं.

चांगली कामं झालेली आहेत. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या पुस्तकांचं संकेतस्थळ २०१५ पासून मोफत आहे, ३०० हून जास्त भाषांमधली पुस्तकं तिथे आहेत. परवाना खुला असल्यामुळे कुणीही ती उतरवून घेऊ शकतं, छापू शकतं, आपल्या भाषेत आणू शकतं. तिथे पुस्तक उघडलं की समोर पुस्तकच येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. गूगलचं रीड अलाँग, जे २०१९ मध्ये 'बोलो' या नावानं आलं, ते मुलाचं मोठ्यानं वाचन ऐकतं आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवतं. ज्या मुलाचं वाचन शांतपणे ऐकायला घरात कुणाला सवड नाही, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. त्यातही चांदण्या आहेत. त्या नसत्या तर मला ते जास्त आवडलं असतं.

आणखी एक गोष्ट मला आईबाबांना कळकळीनं सांगायची आहे. २०१९ मध्ये पालक आणि लहानग्यांच्या ३७ जोड्यांचं निरीक्षण झालं. तीच माणसं कागदी पुस्तकापेक्षा इलेक्ट्रॉनिक पुस्तक वाचताना एकमेकांशी कमी बोलत होती, पुस्तक मिळून धरणं, पान मिळून उलटणंही कमी झालं होतं. म्हणून अ‍ॅपमधला वाचून दाखवणारा आवाज अधूनमधून बंद करा आणि तुम्ही वाचा. तुमचं वाचन सफाईदार नसलं तरी चालेल. मध्येच थांबून "आता हा काय करेल गं?" असं विचारायला अ‍ॅपला सुचणार नाही, तुम्हाला सुचेल.

अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे माझी साधी मागणी आहे. बक्षिसं बंद करायचं बटण सेटिंगमध्ये द्या. पुस्तक संपल्यावर पुढचं आपोआप सुरू करू नका. मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते, नवे शब्द त्यातूनच पक्के होतात, आणि बहुतेक अ‍ॅप्स मात्र त्यांना पुढे ढकलत राहतात. शेवटच्या पानावर 'पुन्हा वाचूया' हे बटण सगळ्यात मोठं ठेवा. असं अ‍ॅप कुणाच्या पाहण्यात असेल तर मला नाव जरूर कळवा, भाचीसाठी हवंच आहे.