विंडोज १० परत टाकण्याच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की विंडोज ११ केल्यापासून लॅपटॉप मंद, प्रिंटर बंद. चौथ्याच दिवशी जुनं विंडोज परत मागितलं, तर आम्ही सगळं पुसून टाकलं आणि प्रोग्राम गेले.

पुसावं लागलं ते आमच्या चुकीमुळे. अपग्रेडनंतर जुनी सिस्टम सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये १० दिवस राहते. ती असेपर्यंत सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, गो बॅक एवढ्यावर काम भागतं. फाइली जागच्या जागी राहतात, जातात ते अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम, ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि बदललेल्या सेटिंग्ज. आमच्या टेक्निशियनने जागा मोकळी करायला डिस्क क्लीनअप चालवलं आणि जुन्या विंडोजच्या ओळीवरही टिक केली. फोल्डर गेला, ‘गो बॅक’चं बटणही गेलं. मग पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज १० टाकण्यावाचून मार्ग उरला नाही, कारण ११ वरून १० चा सेटअप चालवला तरी प्रोग्राम टिकत नाहीत. आता अपग्रेडच्या दिवशीच आम्ही कमांड देऊन ही मुदत ६० दिवस करतो (१० दिवस उलटल्यावर ती वाढत नाही).

लायसन्स पुन्हा घ्यावं लागेल ही भीती मात्र सोडा. ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं; विंडोजच्या ‘होम’ प्रकाराच्या जागी होमच टाकलंय, त्यामुळे इंटरनेट जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

मंदपणाचं खापर सगळं विंडोज ११ वर फोडता येणार नाही. तुमच्या लॅपटॉपात एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) नाही, फिरती, संथ हार्डडिस्क आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर दिसत असेल तर विंडोज १० वरही रडगाणं तेच राहील. प्रिंटरचं दुखणं बहुधा जुन्या ड्रायव्हरचं होतं. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमधून ड्रायव्हर पॅकेजसकट काढून नवा टाकायचा, हे आम्ही आधी करून बघायला हवं होतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन विस्तारित सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली, तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, हवी, तुमच्यात तीच टाकली आहे.

गेलेल्या प्रोग्रामांची यादी आणि त्यांच्या लायसन्स-की घेऊन या. मजुरी न घेता सगळे पुन्हा टाकून देऊ.