'गरिबांचं मंडळीने पाहावं, पुढाऱ्याने नाही' या म्हणण्याला उत्तर

निवडणूक जवळ आली की पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: येशूने गरिबांना मदत करायला तुम्हाआम्हाला सांगितलं, सरकारला नाही. कर घेऊन वाटणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून केलेलं दान. गरिबांचं मंडळीने पाहावं, पुढाऱ्याने रस्ते आणि पोलीस सांभाळावेत. शिवाय गरीब तर सदैव आपल्याजवळ असणारच, आणि जो काम करणार नाही त्याने खाऊही नये. 'आमेन' लिहून हे पुढे पाठवणारे बहुतेक जण नेमाने दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देणारी भली माणसं आहेत, म्हणूनच गप्प बसवत नाही.

सरकारला सांगितलं नाही? येशू ज्या शास्त्रात वाढला ते राजांना मोकळं सोडत नाही. ७२ वं स्तोत्र राजासाठीची प्रार्थना आहे, आणि त्यातला चांगला राजा दीनांचा न्याय करतो, गांजलेल्यांना सोडवतो. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायात लमुवेल राजाला त्याची आई बजावते की ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने तू बोल, गरिबांचा न्याय कर. (त्याच अध्यायातली सद्गुणी स्त्री आपण दरवर्षी उपासनेत वाचतो, आईचा हा उपदेश मात्र क्वचितच.) यिर्मया संदेष्टा तर यहोयाकीम राजाचं नाव घेऊन बोलतो. या राजाने लोकांना मजुरी न देता राबवलं आणि गंधसरूचा प्रशस्त वाडा बांधला. संदेष्टा त्याला सुनावतो, तुझ्या बापाने दीनदुबळ्यांचा न्याय केला आणि त्याचं भलं झालं. देवाला ओळखणं ते हेच. दान किती केलंस, हे तिथे विचारलेलंच नाही. प्रश्न मजुरीचा आणि न्यायाचा आहे, म्हणजे नेमका सत्तेचा.

आणि येशूसमोर बसलेल्या लोकांनी कैसर, म्हणजे रोमचा सम्राट, निवडला नव्हता. आपण नगरसेवक निवडतो, आमदार निवडतो. 'तुम्हाआम्हाला सांगितलं' हे खरं धरलं, तर त्यात आपलं मतही येतं.

कराचं म्हणाल, तर आपली पगाराची स्लिप काढून पाहा. त्यात व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसतील. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला आला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला सरकारी कामांवर गेली, सुकडी खाऊन जगली. त्या अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून गावच्या मजुराला काम मिळालं. याला दान म्हणू नका, मान्य. पण मोशेच्या नियमशास्त्रातही ते दान नव्हतं. शेताच्या कडा कापू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं, गरिबांना आणि परक्यांना राहू द्या, ही आज्ञा होती. बायबलमधली परकी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाऊ शकली ती त्या आज्ञेमुळे.

मंडळीने पाहावं, हे तर आपल्याच जिल्ह्यात घडलेलं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी विधवा आणि मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशनचं काम उभं केलं. मंडळीच्या सेवेचा याहून मोठा दाखला कुठला देणार? त्याच रमाबाईंनी १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळातले बायकांचे हाल वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून मांडले. स्वतः इतकं करत असतानाही त्यांनी सरकारला जबाबदारीतून सोडलं नाही.

आमच्या मंडळीतल्या एक आजी आयुष्यभर धुणीभांडी करत आल्या. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नाही, रेषाच झिजल्यात. दोन महिने धान्य न घेता परतल्या. मंडळीने त्यांना तांदूळ-डाळ दिली, द्यायलाच हवी होती. पण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्यांच्या वाट्याला आलेलं धान्य अर्पणाच्या थैलीतून परत मिळत नाही. ते दुकान, ते मशीन, तो पुरवठा अधिकारी यांना जाब विचारायची सत्ता लोकप्रतिनिधीकडे आहे, चर्चच्या पाळकांकडे नाही.

'गरीब सदैव तुमच्याजवळ आहेत' याबद्दल इतकंच: येशूच्या या वाक्यामागे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायातलं वचन आहे, आणि त्याच वचनात पुढे आज्ञा आहे की म्हणून आपला हात सढळ ठेव. अर्धं वचन पाठवू नये. आणि 'काम न करणाऱ्याने खाऊ नये' हे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीतल्या काम टाकून लुडबुड करत फिरणाऱ्यांना लिहिलं. पहाटे कचरा वेचायला निघणाऱ्या पुण्यातल्या बायकांना ते कोणत्या तोंडाने ऐकवायचं? त्या काम करतात आणि तरी गरीब आहेत.

एक गोष्ट मात्र मजकुरात बरोबर आहे. सरकार देतं म्हणून आपण द्यायचं थांबवलं, तर ती आज्ञा मोडणं आहे. पुढाऱ्यालाही दाता म्हणून मिरवायचा हक्क नाही. पैसा लोकांचा आहे, तो कारभारी आहे, म्हणून धान्याच्या पिशवीवर त्याचा फोटो नको. नाताळच्या उपासनेला शुभेच्छा द्यायला उमेदवार येतात, तेव्हा पुष्पगुच्छ घेऊन त्यांना सोडून देऊ नका. अंगठा न उमटणाऱ्यांच्या धान्याचं काय केलंत, ससून या सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाला औषध बाहेरून का आणावं लागतं, हे तिथेच विचारा. आणि विचाराल तेव्हा फक्त ख्रिस्ती गरिबांपुरतं विचारू नका.