नेक्रोमॅन्सरची काठी

माझ्या नेक्रोमॅन्सरच्या काठीने परवा काकांनी कान कोरला.

हे वाक्य ज्यांना कळलं त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात: आम्ही काही बऱ्यापैकी वाढलेली माणसं टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग गेम खेळतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, वीस बाजूंचा फासा टाकतात आणि गोष्टीची वाट लावतात. गोष्ट सांगणारा तो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. आमच्यात तो मी. लढाई जुंपली की कोण कुठे उभं आहे हे दिसावं म्हणून चौकोन आखलेल्या नकाशावर छोट्या मूर्ती मांडतात. त्या मिनिएचर, आम्ही मिनी म्हणतो. लोक त्या प्लास्टिकच्या विकत घेतात, काही जण घरी थ्रीडी प्रिंटरवर काढतात. मी कागदाच्या करतो.

तर तो नेक्रोमॅन्सर. सगळ्या सांगाड्यांचा मालक, आमच्या कँपेनमधला, म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोष्टीतला, मोठा खलनायक. त्याचं चित्र मी आठवडाभर शोधलं. पुढची बाजू छापली, तिच्या डोक्याला डोकं लावून मागची उलटी छापली, मधल्या रेषेवर कटरच्या बोथट पाठीने हलकी खूण ओढली (ही ओढली नाही तर घडी वाकडी जाते आणि माणसाला दोन खांदे जास्तीचे फुटतात), मग घडी घातली, चिकटवलं, जाडजूड पुस्तकाखाली दाबून ठेवलं. इथपर्यंत कोणीही करतं. खरी गोष्ट काठीची. त्याच्या हातात एक लांब काठी होती, वर कवटी. शहाणी माणसं अशा नाजूक भागाभोवती जाड कड सोडून कापतात आणि कडेला काळा रंग देऊन मोकळी होतात. मी काठी सुटी कापली. जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची. काठी आणि झग्यामध्ये जी तिकोनी फट होती ती कटरला नवं पातं लावून आधी आतून काढली, कारण बाहेरची रेषा आधी कापली तर धरायला काही उरत नाही. मग मार्करचं टोक आडवं धरून सगळ्या कडा काळ्या केल्या. या कडा पांढऱ्या ठेवल्या तर टेबलावर बसलेल्याला भीषण मांत्रिक दिसत नाही, कापलेला कागद दिसतो. शेवटी खाली लोखंडी वॉशर चिकटवला, आणि नेक्रोमॅन्सर टेबलाच्या कडेला वाळत उभा राहिला.

आणि काका आले.

काका म्हणजे बाबांचे जुने स्नेही. बाबा बाहेर गेले होते, ‘येतीलच’ असं मी म्हटलं, आणि काका माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. आयुष्यभर हिशेब तपासायच्या खात्यात काढल्यामुळे समोर काही पडलं की ते तपासल्याशिवाय काकांना राहवत नाही.

“काय चाललंय?”

“कापतोय, काका.”

“ते दिसतंय. काय कापतोयस?”

“गॉब्लिन.”

हा शब्द (गोष्टींतला बुटका, खोडसाळ राक्षस) आपल्याला माहीत असायला हवा होता असं त्यांना वाटलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यांनी आवाज खाली आणून विचारला. “मुलांच्या शाळेचं काही?”

“नाही, आमच्याच खेळासाठी. मित्र येणारेत.”

“ती तुझी डॉक्टर मैत्रीण येते, तेव्हा हेच करता?”

“हो. ती चोर आहे.”

“डॉक्टर?”

“खेळात, काका.”

“बरं. जिंकतं कोण?”

“यात कोणी जिंकत नाही.”

“मग हरतं कोण?”

“तसं हरतही नाही कोणी. गोष्ट पुढे जाते.”

“संपते कधी?”

“आमची बरीच वर्षं चालू आहे.”

“जिंकायचं नाही, हरायचं नाही, संपायचं नाही.” काकांनी एकेक बोट मोडलं. “पगार?”

“नाही.”

“म्हणजे नोकरीपेक्षा वाईट.”

मी हसलो. तेव्हा खरंच हसू आलं होतं. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

“यातला तुझा कोणता?”

“हे सगळे माझे. मित्रांचे ते पलीकडचे पाच.”

“ते पाच आणि तू एवढे? मग जिंकणार तूच.”

“नाही काका, माझे मरायचेच असतात. ते झोकात मरावेत एवढंच माझं काम.”

“कधी मरणार?”

“आज रात्री. साडेनऊपर्यंत.”

काकांनी घड्याळ बघितलं. सहा वाजले होते. मग माझ्या हातातला कटर बघितला, आणि त्याच्या टोकाशी असलेला गॉब्लिनचा पंजा.

“साडेतीन तासांत मरणाऱ्याची नखं काय कापत बसलायस?”

यावर आता मला उत्तरं सुचतायत, एकाहून एक. तेव्हा एकही आलं नाही. या छंदावर आजवर जी काही टीका ऐकली, ती सगळी मिळूनही या एका वाक्याएवढी खोल गेलेली नाही. काकांच्या ते लक्षातही आलं नाही. ते एव्हाना पेन्शनच्या कुठल्याशा फॉर्मच्या हकिकतीवर गेले होते. सहीच्या जागी सही केली तर म्हणे ती दुसऱ्या जागी हवी होती. आणि ही हकिकत सांगता सांगता त्यांनी टेबलाच्या कडेचा नेक्रोमॅन्सर उचलला आणि मंजुरीला आलेल्या फाइलसारखा हातभर दूर धरून पाहिला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान बघतायत तरी.

मग हात वर जायला लागला.

मी तो जाताना पाहिला. खांद्यापाशी पोचला तेव्हाच मला कळलं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला ‘काका, माझा नेक्रोमॅन्सर कानातून काढा’ हे कुठल्या शब्दांत म्हणायचं? माझ्या तोंडून नुसतं “काका, तो—” एवढंच निघालं. काकांना वाटलं मी फॉर्मबद्दल विचारतोय. “तेच म्हणतो मी,” ते म्हणाले, एक डोळा मिटला आणि कवटीसकट काठी आत गेली. मांत्रिक आडवा, पायाखालचा वॉशर हवेत, आणि काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते माझ्या एकाही खेळाडूच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलेलं नाही.

झाल्यावर त्यांनी टोक नीट निरखलं, गुडघ्यावर पुसलं आणि मांत्रिक जिथून उचलला होता तिथेच, तोंड त्याच दिशेला करून ठेवला. माणूस व्यवस्थित. काठी मात्र उकलली होती. पुढची कवटी एकीकडे, मागची दुसरीकडे. आणि टोकाला एक चकाकी आली होती जी मूळ चित्रात नव्हती.

“बारीक आहे, पण मऊ पडतं,” काकांनी शेरा दिला. “जरा कडक कागद घेत जा.”

“दोनशे जीएसएम आहे, काका.”

“हो? वाटत नाही.”

‘त्यात काय, दुसरा छापायचा’ असं म्हणणारे घरातच असतात. कागदी मिनीचा हाच तर फायदा, हेही ते मलाच सांगतात. त्यांनी माझा प्रिंटर पाहिलेला नाही. निळी शाई संपली म्हणून काळं छापायलाही नकार देणारं हे यंत्र. खालून-वरून समजूत काढली, तेव्हा त्याने एक पान दिलं आणि त्यातही आपलं डोकं चालवून ते ‘फिट टू पेज’ करून दिलं. ज्यांनी कागदी मिनी केल्या आहेत त्यांच्या पोटात इथे गोळा आला असेल. नकाशाचा एक चौकोन एक इंचाचा असतो आणि तो पाच फूट धरतात. सगळं त्यावर बेतलेलं. साधा माणूस एक चौकोन, ओग्रसारखा धिप्पाड दोन बाय दोन, त्याहून मोठं धूड तीन बाय तीन. ‘ॲक्च्युअल साइझ’ची खूण केली नाही की सगळं थोडंथोडं आकसतं. थोडं म्हणजे इतकंच, की काय चुकलंय ते कळत नाही, पण आपला कर्दनकाळ स्वतःच्याच शिपायांपेक्षा बुटका दिसतो. मी खूण केली होती. प्रिंटरने ती विचारात घेतली नाही. शेवटी उकललेल्या काठीत टाचणीच्या टोकाने डिंक भरला आणि तोच मांत्रिक उभा केला. पाण्याचा अंश असलेला डिंक आणि इंकजेटची शाई एकत्र आली की रंग पसरतो, म्हणून कवटी जराशी रडवेली झाली.

मंडळी आली. आल्या आल्या एकाने गरम होतंय म्हणून पंखा लावला.

त्या पंख्यावर मला खरं तर वेगळं लिहायचंय. सांगाडे पडले, गॉब्लिन पडले, वॉशरमुळे नेक्रोमॅन्सर तेवढा उभा राहिला. मी एकेक उचलायला लागलो, तर आमच्यातला नियमबहाद्दर म्हणतो, “थांब. पडलेत ना? म्हणजे प्रोन आहेत.” नियमांत हे खरंच आहे: आडवा पडलेल्याला उठायला निम्मी चाल खर्ची घालावी लागते आणि जवळून वार करणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा. मी म्हटलं, पंखा टेबलाच्या जगात नाही. तो म्हणाला, गुहेत वारा असू शकतो. यावर रीतसर मतदान झालं. मी सोडून सगळे वाऱ्याच्या बाजूने. साडेनऊ कशाला, सव्वाआठलाच माझी सेना संपली, आणि डॉक्टरीणबाईंनी नेक्रोमॅन्सरला पाठीत सुरी खुपसून मारताना विचारलं, “याच्या काठीला काय झालंय?” मी सांगितलं. त्यानंतर त्याला हातात घ्यायला कोणी तयार होईना. मेलेली मिनी नकाशावरून उचलायचं काम एरवी मारणाऱ्याचं असतं. त्या रात्री ते मला करावं लागलं.

हे सगळं मी हसत सोडून दिलं असतं. पण निघताना आमच्यातल्या एकाने नवीन घेतलेला प्लास्टिकचा ड्रॅगन पिशवीतून काढला. रंगवलेलाच येतो. पंख पसरलेले, तोंड उघडं. मघाशी ज्यांनी माझ्या सांगाड्यांना फुंकर मारून पाडलं होतं (हो, पंखा बंद केल्यावर फुंकरी सुरू झाल्या होत्या), तीच माणसं दोन्ही हातांनी जपून तो एकमेकांकडे देत होती. फोटो निघाले. माझ्या सेनेचा आजवर एकही फोटो कोणी काढलेला नाही. “तुझंही छान असतं रे, घरच्या घरी केलेलं,” असं एक जण म्हणाला, ज्या सुरात लहान मुलाच्या चित्राला छान म्हणतात त्या सुरात. विकत आणलेल्या वस्तूला माणसं हात जपून लावतात. हाताने केलेलीला काहीही लावतात. कानही.

आणि मोठा इतिहास सांगतात हे लोक. खरा खेळ मिनिएचरचा, म्हणे. आमचा हा खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली निघाला तेव्हा त्याच्या उपशीर्षकातच लिहिलं होतं की हा कागद, पेन्सिल आणि मिनिएचर घेऊन खेळायचा आहे. कागद पहिला. मिनिएचर शेवटी. आणि ज्या आउलबेअरला, म्हणजे घुबडाच्या तोंडाच्या अस्वलाला, बघून आमची मंडळी आजही चळाचळा कापते, तो कुठून आला? खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांना प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांचं एक पाकीट मिळालं, हाँगकाँगला बनलेलं. त्यातल्या ओबडधोबड प्राण्यांवरून त्यांनी आउलबेअर आणि लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर रचला. खेळाचा पायाच असा हाताला लागेल त्यावर उभा आहे. पुढे १९८० च्या सुमाराला स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीने कार्डबोर्ड हीरोज काढले, चक्क छापील पुठ्ठ्याचे वीर, आणि लोकांनी ते विकत घेऊन खेळले. हे सगळं मी त्या रात्री दारात उभं राहून सांगितलं. लोक चपला घालत होते.

ड्रॅगनवाल्याने जाता जाता जाहीर केलं की पुढच्या वेळी गुहेतला लाल ड्रॅगन म्हणून त्याचाच ठेवायचा. मी कागदाचा करायचे कष्ट घेऊ नयेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरात येऊन मी पट्टीने मोजलं. प्रौढ लाल ड्रॅगन नियमाने तीन बाय तीन चौकोनांत बसतो. माझ्या नकाशावर गुहेचं तोंड चार चौकोनांचं होतं. ते खोडून मी दोनचं केलं. आता त्याला बाहेर यायचं तर अंग आवळून यावं लागेल, आणि असं अंग आवळून चाललेल्यावर वार करणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो, हाही नियमच आहे, नियमबहाद्दराला विचारा. ड्रॅगन माझ्या बाजूचा आहे, त्याच्या मरण्याने माझीच लढाई अर्ध्या तासात आटोपेल, हे सगळं मला दिसतंय. आटोपू दे. ते पंख त्या तोंडातून कसे येतात तेवढं मला बघायचंय, आणि भिंती मी पुठ्ठ्याच्या उभ्या करणार आहे, दुहेरी.